घरच्या वॉर्डाचा इनचार्ज कोण?

(रुग्णाला घरी ठेवून शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांकडून गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे देणाऱ्या लेखिका सरकारी रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका होत्या. त्यातली शेवटची अकरा वर्षे त्यांनी वॉर्डाच्या सिस्टर इनचार्ज म्हणून काम पाहिले. — संपादक)

प्रश्न : माझी आई 78 वर्षांची असून खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही तिला घरी आणले. तिला मधुमेह आहे आणि दोन वेळा इन्शुलिन द्यावे लागते. एका ब्यूरोतून आम्ही दिवसाच्या बारा तासांसाठी ‘ट्रेंड सिस्टर’ ठेवली. ती गावी गेल्यावर बदली बाई आल्या आणि पुढचे चार दिवस आईची साखर 300 च्या खाली उतरेना. डॉक्टर डोस वाढवणार होते, तेवढ्यात औषधाच्या दुकानदाराच्या लक्षात आले की इन्शुलिनची बाटली एका मापाची आणि सिरिंज दुसऱ्या मापाची आहे. ब्यूरोला विचारले तर ‘आम्ही फक्त माणूस पुरवतो, पुढचे तुम्ही बघा’ असे उत्तर मिळाले. अशा ब्यूरोला सरकारी परवाना लागतो की नाही? आणि ‘ट्रेंड’ म्हणजे नेमके काय समजायचे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी त्या दुकानदाराचे आभार माना, कारण खरा धोका पुढेच होता. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिट या मापाचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज येते. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्शुलिनसाठी असते. समजा, आईंना 20 युनिट द्यायचे आहेत. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर औषध येते. तेच औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरले, तर जेमतेम 0.2 मिलिलिटर, म्हणजे अवघे 8 युनिट पोटात जाते. साखर उतरणार कशी? डॉक्टरांनी या आकड्यांवरून डोस दुप्पट केला असता आणि दोन दिवसांनी रजेवरून परतलेल्या सिस्टरनी सवयीने लाल टोपणाची सिरिंज काढली असती, तर आई रात्रीतून बेशुद्ध पडल्या असत्या. उलट चूक याहून घातक आहे, कारण 100 युनिटचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दिले तर अडीचपट औषध जाते. म्हणून आजच एक काम करा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रिजच्या दारावर लावा. इंजेक्शन देण्यापूर्वी भरलेली सिरिंज घरातल्या कोणाला तरी दाखवण्याची पद्धतही पाडा. वॉर्डात आम्ही इन्शुलिनचा डोस दुसऱ्या परिचारिकेला दाखवल्याशिवाय देत नसू आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नसे.

आता ‘ट्रेंड’ या शब्दाकडे येऊ. घरोघरी तो इतका सैल वापरला जातो की त्याला अर्थच उरलेला नाही. परिचर्येचा तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्ती परिचारिका असते. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलेलीही नोंदणीकृत असते. या सर्वांना महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्या नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. हा क्रमांक मागताना संकोच करू नका. ज्यांच्याकडे तो आहे त्या सिस्टर तो दाखवण्यात कमीपणा मानत नाहीत. त्याखालोखाल काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेल्या सहायक येतात. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ या अभ्यासक्रमांचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे असू शकते. त्यानंतर एखाद्या नर्सिंग होममध्ये आया म्हणून चार-सहा वर्षे राबून अनुभवाने शिकलेल्या मावशी असतात. मी या मावशींना कमी लेखत नाही. पेशंटला अंग पुसून देणे, कूस बदलणे, चमच्याने भरवणे आणि हाताला धरून चालवणे ही कामे त्या अनेकदा नव्या सिस्टरपेक्षा हळुवारपणे करतात. मात्र शिरेतून औषध देणे, नाकातली नळी घालणे किंवा लघवीची नळी बदलणे ही कामे त्यांच्याकडून करून घेऊ नयेत. इन्शुलिनचे इंजेक्शन घरचे लोकही शिकून देतात, त्यामुळे मावशींना ते शिकवता येईल. फक्त शिकवले कोणी आणि त्यांना ते जमते का हे तपासले कोणी, याचे नाव घेता आले पाहिजे.

परवान्याबद्दलचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ब्यूरोच्या भिंतीवर चौकटीत लावलेला कागद बहुतेक वेळा गुमास्त्याचा, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा असतो. त्यातून अमुक पत्त्यावर अमुक व्यवसाय चालतो एवढेच कळते. सेवेच्या दर्जाची तपासणी त्यात कोणी केलेली नसते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम 1949 सालचा असून तो रुग्ण जेथे दाखल होतो त्या जागेपुरता आहे. तुमच्या आईंची खाट त्याच्या कक्षेत येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात बदल करण्यासाठी डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले होते आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद त्यात होती. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून ‘आम्ही फक्त माणूस पुरवतो’ हे वाक्य ऐकून गप्प बसावे असे मात्र नाही. ब्यूरोने ‘ट्रेंड सिस्टर’ असे सांगून पैसे घेतले असतील, तर ती पैसे घेऊन दिलेली सेवा ठरते आणि तिच्यातील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि प्राथमिक मार्गदर्शनासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. अडचण असते ती पुराव्याची. दर महिन्याला रोख पैसे देऊन पावती न घेणारी घरे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. पुढच्या वेळी पैसे ब्यूरोच्या खात्यात भरा आणि पावतीवर ‘नोंदणीकृत परिचारिका’ किंवा ‘सहायक’ यांपैकी जे खरे असेल ते लिहून घ्या. बदली माणूस पाठवताना आदल्या दिवशी कळवावे आणि नव्या व्यक्तीने जुन्या व्यक्तीकडून ‘ओव्हर’ घ्यावी, म्हणजे रुग्णाची सगळी माहिती समजून घ्यावी, ही अटही त्यातच लिहा. तुमच्या घरी झालेली चूक सिरिंजची दिसते, पण तिचे मूळ एक बाई गेली आणि दुसरी आली त्या वेळी कोणी कोणाला काही सांगितले नाही, यात आहे.

प्रश्न : वडील पक्षाघातामुळे सात महिने अंथरुणावर आहेत. आम्ही चोवीस तासांचा ब्रदर ठेवला आहे आणि एअर बेडही आणला आहे. तरीही कमरेखाली जखम झाली. ब्रदर म्हणतो, एअर बेड असला की कूस बदलावी लागत नाही. हे खरे आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : खरे नाही. एअर बेड दाब विभागतो, पण नाहीसा करत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबला की वरून कातडी धड दिसत असतानाच आतून मांस मरू लागते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे हा जुना नियम एअर बेड आल्यावरही रद्द झालेला नाही. रुग्णाला पूर्ण कुशीवर टाकण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन तिरके ठेवावे, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. ओढत सरकवू नये. दोघांनी ड्रॉ शीट (रुग्णाच्या खाली घातलेली आडवी चादर) धरून उचलून सरकवावे, कारण ओढताना घासल्यानेच अनेक जखमा सुरू होतात. लाल झालेली जागा स्पिरिट-पावडर लावून चोळण्याची पद्धत आमच्या विद्यार्थिदशेत होती आणि आम्हीही ती निष्ठेने पाळली, पण ती चुकीची होती. त्या जागी खालचे मांस आधीच दुखावलेले असते आणि चोळण्याने ते आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, कारण तिच्या कडांवर नवा दाब तयार होतो.

जखम होण्यापूर्वी ती ओळखता येते. अंघोळ घालताना लाल दिसणारी जागा बोटाने दाबा. बोट काढल्यावर ती क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर वेळ हातात आहे. पांढरी न होता लालच राहिली तर पहिल्या पायरीची इजा झाली आहे असे समजा आणि त्या जागेवरचा भार त्या क्षणापासून पूर्ण काढा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. अशा वेळी हात फिरवून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागते का ते पाहावे. तुमच्या वडिलांची जखम आता झालेलीच आहे. ती किती खोल आहे हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरगुती मलम लावू नका.

आता ब्रदरबद्दल. त्याचा राग येणे साहजिक आहे, पण तुमच्या पत्रातला ‘चोवीस तासांचा’ हा शब्द मला जास्त खटकला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात कूस चार वेळा बदलावी लागते. दिवसभर काम केलेला माणूस रात्री चार वेळा उठेल, आणि तेही महिन्याच्या तिसाही रात्री, असे आपण धरून चालतो. मी वॉर्डात तिन्ही पाळ्या केल्या आहेत आणि माझ्याकडून ते झाले नसते. चोवीस तासांची ड्यूटी ही प्रत्यक्षात बारा-चौदा तासांची सेवा आणि उरलेल्या वेळात त्याच खोलीत झोपलेला एक माणूस, एवढीच असते. बारा-बारा तासांची दोन माणसे परवडत नसतील, तर रात्रीच्या चारपैकी दोन वेळा घरच्यांनी वाटून घ्याव्यात आणि त्या माणसाला सलग चार तास झोपू द्यावे.

आणि कूस बदलल्याची नोंद ठेवा. त्यासाठी छापील तक्ता लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. बहुतेक घरांत वही असते, पण तिच्यात ‘पेशंट बरा आहे, जेवण केले, झोप लागली’ असे रोज त्याच अक्षरात लिहिलेले आढळते. एका घरी तर पुढच्या दोन दिवसांच्या नोंदी आधीच लिहून ठेवलेल्या मी पाहिल्या. नोंद कशी असावी ते सांगते : ‘पहाटे 2.10, डाव्या कुशीवर वळवले, उजवी टाच लाल, दाबल्यावर पांढरी होत नाही, उशी दिली.’ अशी एक ओळ लिहिणारा माणूस मिळाला तर त्याला पगार वाढवून द्या.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरीला जातो. सासूबाईंच्या खोलीत कॅमेरा लावणे योग्य आहे का? मावशींना सांगितले तर त्या काम सोडतील अशी भीती वाटते. — एक वाचक, ठाणे

उत्तर : लावा, पण सांगून लावा. सासूबाईंना समजत असेल तर पहिली संमती त्यांची हवी. डायपर बदलताना आणि अंग पुसताना कॅमेऱ्यात त्यांचे काय दिसेल याचाही विचार करा. तुमच्या मोबाइलवर दिसणारी ती चित्रे घरातले आणखी कोण कोण पाहते? मावशी जेथे कपडे बदलतात तेथे कॅमेरा ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा ठरू शकते. म्हणून त्या खोलीत त्यांच्यासाठी आडोसा नसेल तर दुसरी जागा द्या. कॅमेऱ्याने मारहाण किंवा चोरी दिसते. घास घाईने भरवला जातो आहे की नाही, हे मात्र त्यात क्वचितच दिसते. ते पाहायचे असेल तर आठवड्यातून एकदा न सांगता जेवणाच्या वेळी घरी या. पोलिसांकडे करावयाची चारित्र्य पडताळणी मावशी कामावर येण्यापूर्वीच उरका.

प्रश्न : सासऱ्यांना फुप्फुसाचा जुनाट विकार आहे आणि घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे मशीन) आहे. त्यांच्याच खोलीत देवघर आहे आणि सासूबाई रोज समई व उदबत्ती लावतात. सहायक मुलगी काही बोलत नाही. बोटावरच्या यंत्रावर ऑक्सिजनची पातळी 90 दिसली की ती मशीनचा काटा वाढवते. यात धोका आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्हींत आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्यामुळे साधी ठिणगीही भडकते. नाकातून नळी काढून पांघरुणावर ठेवली आणि मशीन चालू राहिले, तर ऑक्सिजन कापडात साठतो आणि अशा कापडावर उदबत्तीचा निखारा पडला तर विझवायला वेळ मिळत नाही. ज्योत असलेली कोणतीही वस्तू किमान दहा फूट दूर, आणि शक्यतो दुसऱ्या खोलीतच असावी. सासूबाईंना हे सुनेने सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले बरे, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. देव हलवायचे नसतील तर सासऱ्यांची खाट हलवा. नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन किंवा तेल लावू नका. पाण्याचा अंश असलेली जेल मिळते, ती वापरा. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि तिची जाळी आठवड्याला धुवून वाळवा. वीज गेल्यावर लागणारा सिलिंडर भरलेला आहे का, हे महिन्यातून एकदा काटा पाहून तपासा. सिलिंडर घरात असूनही तो उघडायची किल्ली सापडली नाही, असा प्रसंग मी पाहिला आहे.

काटा वाढवण्याची सवय मात्र ताबडतोब थांबवा. सासऱ्यांसारख्या जुन्या विकारात डॉक्टर बहुधा 88 ते 92 एवढीच पातळी राखायला सांगतात. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर काही रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, ते गुंगीत जातात आणि पाहणाऱ्याला वाटते की किती शांत झोप लागली आहे! त्या मुलीची चूक नाही. 98 म्हणजे चांगले हे तिने कोविडच्या काळात ऐकलेले आहे. सासऱ्यांसाठी किती लिटर आणि कोणती पातळी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मशीनवर चिकटवा. पातळी त्याखाली गेली तर कोणाला फोन करायचा, हेही त्याच कागदावर असू द्या.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो आणि आई-वडील कोल्हापुरात असतात. इथे घरी येणाऱ्या सेवेवर सरकारी यंत्रणा देखरेख ठेवते आणि एजन्सीला मिळालेली श्रेणी आपल्याला पाहता येते. आपल्याकडे असे काही आहे का? नसेल तर इतक्या लांबून मी काय करावे? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुम्ही म्हणता ती यंत्रणा म्हणजे केअर क्वालिटी कमिशन. ती 2009 पासून काम करते. इंग्लंडमध्ये घरी जाऊन अंघोळ, कपडे, जेवण यांसारखी वैयक्तिक सेवा देणाऱ्या एजन्सीला तिच्याकडे नोंदणी करावीच लागते. सेवा सुरक्षित आहे का, तिचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे ती बदलते का आणि संस्थेचा कारभार नीट चालतो का, असे पाच प्रश्न धरून तपासणी होते. त्यावरून चार श्रेण्यांपैकी एक मिळते आणि अहवाल सर्वांना वाचायला खुला असतो. तिथेही सगळे आलबेल नाही. पंधरा मिनिटांत येऊन जाणाऱ्या सेविकांबद्दल तिथे वर्षानुवर्षे ओरड झाली आणि 2015 साली उपचार व सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेला भेट किमान अर्ध्या तासाची असावी असे सांगावे लागले. पण तक्रार करायला एक दार आहे, हा फरक मोठा आहे. आपल्याकडे रुग्णालयांसाठी एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन आहे आणि तेही ऐच्छिक आहे. मोठ्या शहरांतल्या काही कंपन्या घरच्या सेवेसाठी स्वतःची कार्यपद्धती पाळतात. कोल्हापुरातल्या गल्लीतल्या ब्यूरोला मात्र ‘तुमची श्रेणी कोणती’ असे विचारण्यात अर्थ नाही.

विचारायचे ते हे : तुमच्या माणसाचे काम पाहायला तुमच्याकडून कोण येणार आणि किती दिवसांनी? दहापैकी नऊ ठिकाणी उत्तर ‘काही लागलं तर फोन करा’ असे मिळेल, अशी मनाची तयारी ठेवा. वॉर्डात सकाळी आठ वाजता मी फेरी मारायचे तेव्हा चादर, मॅकिंटॉश (चादरीखालचे रबरी कापड), युरीन बॅग, पाण्याचा जग आणि केसपेपर हे सगळे मिनिटभरात नजरेखालून जाई. परिचारिकांना ती फेरी आवडत नसे, पण ती होणार हे त्यांना ठाऊक असे. घरी हाताने काम करणारा माणूस ठेवला जातो आणि फेरी मारणारा ठेवला जात नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की तुम्ही एखाद्या नोंदणीकृत, शक्यतो निवृत्त परिचारिकेला आठवड्यातून एक तास पैसे देऊन घरी बोलवा. तिने स्वतः शुश्रूषा करायची नाही. तिने वही वाचायची, औषधांच्या पट्ट्यांतल्या गोळ्या मोजायच्या, पाठ आणि टाचा पाहायच्या. नाकातून भरवण्याची नळी असेल तर भरवताना डोके 30 ते 45 अंश वर असते का आणि भरवल्यावर निदान अर्धा तास तसेच राहते का, हे मावशींना करून दाखवायला सांगायचे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली आहे आणि जमिनीला टेकलेली नाही, हे पाहायचे. आणि तुम्हाला फोन करून पाच मिनिटांत सांगायचे. दरमहा चार तासांचे मानधन तुमच्या एका विमान तिकिटाच्या मानाने काहीच नाही. रोज रात्री वहीच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो मावशींनी व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि तुम्ही तो वाचल्याचे चार शब्दांत कळवावे. कोणीच वाचत नाही असे वाटले की नोंदी आठवड्याभरात बंद पडतात.

आई-वडिलांशी एकट्याने बोलण्याची वेळ मात्र वेगळी ठेवा. मावशी समोर असताना व्हिडिओ कॉलवर ‘सगळं छान आहे’ हेच उत्तर मिळणार. अडचण गंभीर वाटली आणि जवळ कोणी नसेल तर कोल्हापुरातून 14567 ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन लावता येते. हा क्रमांक आईंच्या फोनमध्ये साठवून द्या.

प्रश्न : सिस्टर, मी स्वतः पेशंटकडे ड्यूटी करते, सात वर्षं झाली. आत्ता ज्या घरी आहे तिथले आजोबा अंघोळ घालताना नको तिथे हात लावतात. घरच्यांना सांगितलं तर म्हणतात ते आजारी आहेत, त्यांना कळत नाही. ब्यूरोत सांगितलं तर म्हणतात ड्यूटी सोडली तर पैसे कापू. गेल्या महिन्यात मला वापरलेली सुईसुद्धा टोचली. माझ्यासारखीने कुठे जायचं? — एक भगिनी, कल्याण

उत्तर : तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. सेवेचा दर्जा कसा तपासायचा हे विचारणारी पत्रे ढीगभर आली, पण सेवा करणाऱ्यांचे असे हे एकच पत्र आहे.

आजोबांना खरोखर कळत नसेल हे शक्य आहे. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात माणसाचा संकोच आणि भान सुटते. पण त्यांना कळत नाही म्हणून तुम्ही सहन करावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट, त्यांना कळत नाही म्हणूनच घरच्यांची जबाबदारी वाढते. अंघोळीच्या वेळी घरातली एक व्यक्ती खोलीत हजर राहील, किंवा अंघोळीपुरता पुरुष सहायक येईल, असे ब्यूरोला आणि त्या घराला व्हॉट्सॲपवर लिहून कळवा आणि तो संदेश जपून ठेवा. तोंडी सांगितलेले कोणालाच आठवत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घर हेसुद्धा कामाचे ठिकाण धरलेले आहे. ब्यूरोत दहा माणसे नसली तरी प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते आणि तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात तिचा पत्ता मिळेल. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे. पैसे कापण्याची धमकीही त्यात लिहा.

सुईबद्दल. टोचल्यावर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये, आणि लगेच सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. तुमचा महिना उलटून गेला आहे, म्हणून आता रुग्णालयात जाऊन तेव्हा काय घडले ते सांगा आणि एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्या करून घ्या. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणीसाठी जा. घाबरून घरी बसू नका. बहुतेक टोचण्यांतून लागण होत नाही.

पुढे सुईला टोपण परत लावू नका, कारण अनेक जणींना नेमके तेव्हाच टोचते. तेलाचा किंवा फिनेलचा जाड प्लास्टिकचा रिकामा डबा घरच्यांकडून मागून घ्या, सुई वापरली की थेट त्यात टाका आणि तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा. घरातल्या वापरलेल्या सुया घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरलेल्या होत्या, त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात जाता कामा नयेत. नाहीतर तुमच्यानंतर त्या कचरावेचक बाईच्या हाताला लागतात. डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी अशा पुडक्यावर लाल ठिपका काढून देण्याची मोहीम चालवली होती, तसे कल्याणलाही करायला हरकत नाही.

हेपॅटायटिस बीची लस तुम्ही घेतली नसेल तर तीही घ्या. आज पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, अशी ती घेतात. खर्च ब्यूरोने करायला हवा. तो करत नसेल तर ज्या घरी आहात त्यांना हे पान दाखवा आणि मागा. तिन्ही डोसांचा खर्च आजोबांच्या महिन्याभराच्या डायपरांहून कमीच भरतो.